उपसलेली माती

बापाने विहीर खणायला घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
जागा त्याला प्रार्थनेत दिसली होती म्हणे,
तुर्कानात, कोरड्या नदीच्या काठाला, डौम ताडांच्या पलीकडे,
जिथे गाढवंसुद्धा थांबत नसत.

चौदा महिने.
एकिदोर काका खाली, बाप वर,
दोराला बांधलेलं पत्र्याचं डबडं.
आधी वाळू आली, मग मुरूम, मग पांढरा दगड.
रविवारच्या उपदेशात बाप पाण्याबद्दल बोलायचा.
लोक ऐकायचे,
मग ऐकून घ्यायचे,
मग यायचेच बंद झाले.

पंचेचाळीस हातांवर पहार कातळावर वाजली.
तो आवाज मला अजून ओळखता येतो :
कुणी आतून कडी घालावी तसा.

लोदवारहून संस्थेची गाडी आली.
यंत्रवाल्याने कागदावर काहीतरी लिहिलं,
बापाचा हात हातात घेतला
आणि चहा न घेता गेला.

आईने एकदाच विचारलं,
"तो 'इथेच' म्हणाला होता ना? नीट ऐकलंस?"
बाप लाकडी उशीवर मान टेकून पडला होता.
"इथेच म्हणाला," तो म्हणाला.
"पाणी म्हणाला का, ते आता आठवत नाही."

गावाला एक म्हण मिळाली.
कुणाचं काही फसलं की,
'लोकिरूच्या विहिरीचं पाणी पिऊन आला.'
म्हण काढली एवोईने, उंटवाल्याने.
चर्चच्या पत्र्याखाली उरलो आम्ही सात,
त्यातले पाच घरचे.
शेरडं पडू नयेत म्हणून बापाने खड्ड्याभोवती काटे रचले.
शेजारच्या ढिगाऱ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
ढिगारा म्हणजे काय, जे नको होतं ते.
आम्ही पोरं त्यावरून घसरायचो.
वर चढलं की लांबची उंटं दिसायची, एवढाच उपयोग.

तिसऱ्या वर्षी, मध्यरात्री.
आमच्याकडे थेंब नव्हता.
पाऊस पडला दूर डोंगरात,
आमच्याकडे आली ती नुसती नदी.
आधी ओल्या शेणाचा वास,
मग गाढवांचं ओरडणं,
मग अंधारालाच पाय फुटल्यासारखं काहीतरी.
आणि बापाचा आवाज : "ढिगाऱ्यावर! ढिगाऱ्यावर!"

त्या सपाट मुलुखात तेवढीच एक उंची होती.
उजाडेपर्यंत एकसष्ट माणसं
एकमेकांना धरून उभी,
कुणाची पोरं कुणाच्या कडेवर.
माझा भाऊ रात्रभर एवोईच्या खांद्यावर होता.
खाली विहीर भरली.
गढूळ, काठोकाठ, नको इतकी.

लोक ही गोष्ट इथे संपवतात.
मला ती इथे संपवता येत नाही.

नावोतोन आजी तिथवर पोचली नाही.
आसेकोनचं चार महिन्यांचं बाळ
तिच्या हातून, चढता चढता, गेलं.
आसेकोनने बापाला सगळ्यांसमोर विचारलं,
"आमच्या झोपड्यांच्या बाजूला तुझ्या देवाला चढ सोपा करता आला नाही?"
बाप काही बोलला नाही.
चिखलात तिच्या शेजारी बसून राहिला.
त्या रविवारी चर्च भरलं होतं,
आणि उपदेश झाला नाही.

आता मी लोदवारच्या दवाखान्यात आहे.
तापाशी हरते, रस्त्याशी हरते,
वेळेवर न आलेल्या खोक्यांशी हरते.
हरल्यावर 'का' असं विचारायचं मी सोडलेलं नाही.
पण आधी मान वळवून बघते,
खड्ड्यात वाकलेली असताना
माझ्या पाठीमागे काय साठत होतं.
कधी काहीच नसतं. नुसती माती.

म्हातारा बाप अजून रोज संध्याकाळी
नदीतून घमेलंभर मुरूम आणून
ढिगाऱ्याच्या पूर्वेला ओततो, आसेकोनच्या बाजूला,
आणि पायाने दाबून उतार सोपा करतो.
मी म्हटलं, पुरे आता.
तो म्हणाला, माझं काम कुठे कळलंय मला अजून.

मागच्या खेपेला गेले
तेव्हा ढिगाऱ्यापाशी
दोन घमेली होती.